जळलेल्यात ये

जानेवारीत शिकवलं ते असं:
सुक्या गवताची चिमूट सोड, कुठे जाते बघ.
वारा दुपारी डोंगर चढतो, रात्री उतरतो,
मधे सातच्या सुमाराला
त्याचं त्यालाच ठरत नाही. तेव्हा जप.

देवजी सांबरे फळा वापरत नाहीत.
येऊरच्या उतारावर उकिडवे बसतात,
काटकीने मातीत डोंगर काढतात,
त्यावर पचकन थुंकतात: हा नाला.

आम्ही अकरा जण.
पाड्यांवरचे सात, खालच्या इमारतींतले चार.
मी वर्तकनगरला औषधांच्या दुकानात असते.
पहिल्या दिवशी नायलॉनची पँट घालून गेले.
वनरक्षक खरपडेबाईंनी ती चिमटीत धरून पाहिली.
"ही वितळून मांडीला चिकटते.
सुती घाल, जुनं घाल, नवऱ्याचं घाल."
नवरा नाही म्हटलं.
"मग भावाचं."

जाळरेषा म्हणजे आपणच आधी लावलेली आग,
हाताशी धरून चालवलेली.
सहा मीटरचा पट्टा, दोन्ही कडांना माणसं,
हातात जांभळाची ओली फांदी.
मारायचं नाही, दाबायचं.
मारलं की ठिणग्या उडतात.
चिडक्या माणसाला हे काम जमत नाही,
मला जमायला तीन रविवार गेले.

एक शिट्टी: थांब.
दोन: मागे फीर.
तीन: जळलेल्यात ये.
जिथून आग जेवून गेली
तिथे तिला दुसऱ्यांदा वाढलेलं नसतं.
"तळपाय भाजतील," देवजी म्हणाले, "भाजू देत."

होळीनंतर तिसऱ्या रात्री पेटलं.
कुणी म्हणालं, मोहाखालचा पाला जाळला कुणी,
कुणी म्हणालं, बंगल्यावरची पार्टी.
बंब रस्त्याच्या टोकाला येऊन थांबला,
त्याचा पाइप डोंगराला पुरत नाही.
आम्ही चढलो. पाठीवर पंधरा लिटर पाणी,
ते पहिल्या वळणावरच कानात बोलू लागतं.

खाली घोडबंदर रोडचे दिवे सरळ,
वर आमची नारिंगी रेघ वेडीवाकडी.
माझ्याच सोसायटीत कुणीतरी बाल्कनीत उभं राहून
तिचा फोटो काढत असणार.

साडेदहाला वारा पालटला.
कुजक्या सावरीचं एक जळतं खोड
गडगडत आमची रेषा ओलांडून गेलं,
जानेवारीतली सगळी मेहनत
एका उडीत.
तीन शिट्ट्या.

राखेत उभे राहून मोजणी केली.
दहा.
पुन्हा मोजलं. दहा.
देवजी स्वतःला विसरले असतील म्हणून
बाईंनी बोट लावून मोजलं.
नवशा दुमाडा नव्हता.
एकोणीस वर्षांचा, दिवसा जेवणाचे डबे पोचवतो,
पत्ता कधी चुकत नाही.

हाका मारल्या. धुरात हाक लांब जात नाही,
तोंडापाशीच बसते.

सापडला तो नाल्यापलीकडे,
मागल्या दुपारी जळून गेलेल्या तुकड्यात,
गुडघ्यांना मिठी मारून बसलेला,
भुवया नसलेला.
"एकटाच राहिलो. शिट्टी पडली माझी," म्हणाला,
"मग वाजवणार काय?
तुम्ही म्हणालेलात जळलेल्यात ये.
कुठल्या जळलेल्यात ते नव्हतं सांगितलं."

देवजींनी खिशातून विडी काढली,
तिच्याकडे पाहिलं,
परत ठेवली.

पहाटेपर्यंत उरलेलं काम सगळ्यांत कंटाळवाणं:
बुंध्याबुंध्याशी वाकून
हाताची पालथी बाजू जमिनीवर ठेवायची.
तळहात खोटं बोलतो, निबर असतो.
पालथ्या हाताला मुळांतली धग कळते.
एकेका मुळाला घोटभर पाणी.
नवशाही वाकला होता. कुणी त्याला घरी जा म्हटलं नाही.

सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याचे काका
नाक ओढून म्हणाले, "काय, तंदुरी होती वाटतं रात्री?"
मी हो म्हटलं.

चहा ठेवायला लायटर घेतला
आणि आधी खिडकीकडे पाहिलं,
पडदा कुठल्या बाजूला हलतोय.